पाकिटातील उत्तर चुकीचे असल्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
वेणातट औद्योगिक प्रशिक्षण संस्था,
हिंगणा मार्ग, नागपूर.

विषय : कु. भावना धम्मानंद मेश्राम हिला प्रात्यक्षिकात दिलेले शून्य गुण रद्द करणेबाबत.

संदर्भ : दि. १० जून २०२५ ची मोटार-विद्युत प्रात्यक्षिक परीक्षा व अर्जदाराच्या सहीची गुणपत्रिका.

महोदय,

१) अर्जदार केशव मारोतराव डाखोळे हा आपल्या संस्थेत एकोणीस वर्षांपासून शिल्पनिदेशक आहे. प्रात्यक्षिकासाठी शिल्पनिदेशकाने गाडीत एक दोष मुद्दाम करून ठेवावा, तो चिठ्ठीवर लिहून पाकीट सीलबंद करावे व प्रशिक्षणार्थ्यांनी तो शोधावा, अशी आपल्याकडील प्रथा आहे. त्यानुसार अर्जदाराने वर्कशॉपमधील पांढऱ्या गाडीच्या हवा मोजणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर काढून ठेवला. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. अकरा जणांनी आपापल्या पाळीला स्कॅनर लावला, कनेक्टर बसवला, दिवा घालवला आणि पूर्ण गुण घेऊन ते चहाला गेले.

२) कु. भावनानेही कनेक्टर बसवला. मात्र तेवढ्यावर न थांबता तिने गाडी सुरू केली, हेडलाइट, एसी, सगळे चालू केले. दहा मिनिटांत दिवा पुन्हा लागला. वेळ संपत आल्याने अर्जदाराने तिला उत्तर लिहिण्यास सांगितले असता ती म्हणाली, "सर, दिवा तर गेला होता, पण फॉल्ट नाही गेला. मी खोटं काहून लिहू?" आणि मीटर घेऊन गाडीखाली शिरली. उत्तरपत्रिकेत तिने लिहिले की, कनेक्टर सुटलेला नव्हता, कोणीतरी काढलेला होता, सबब तो दोष धरता येत नाही; खरा दोष इंजिन व बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या वायरमध्ये असून ती आतून सडली आहे. पाकिटात तसे नव्हते. अर्जदाराने शून्य दिले.

३) येथपर्यंतचे सर्व नियमाला धरून आहे. पुढचे लिहिण्यास अर्जदाराला तीन दिवस लागले. सदर गाडीचा दिवा एप्रिलपासूनच लागत होता व अर्जदार रोज सकाळी, मुले येण्यापूर्वी, स्कॅनरने तो घालवून ठेवत असे. दोन महिन्यांत अर्जदाराने सेन्सर बदलले, फ्यूज बदलले, उंदरांवर आळ घेतला. दोष सापडला नाही. "दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली असे समजू नये, गाडी चालवून पाहावी," हे वाक्य अर्जदारच प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून देतो. तिचे उत्तर वाचताच ते बरोबर असल्याचे अर्जदाराच्या ध्यानात आले होते. शून्य त्यानंतर दिले. अर्जदाराला तिचा राग आला होता, आणि त्या रागाची आता फार लाज वाटते.

४) त्याच संध्याकाळी अर्जदाराने गुपचूप वायर बदलली. दिवा आठवडाभर लागला नाही. परंतु त्यामुळे पुरावाच नाहीसा झाला. म्हणून काल अर्जदाराने तीच सडकी वायर गाडीला परत बसवली असून दिवा व्यवस्थित लागत आहे. चांगली गाडी जाणूनबुजून नादुरुस्त केल्याबद्दल होणारी कारवाई मान्य आहे. फक्त आपण स्वतः एकदा येऊन चावी फिरवावी.

५) हिंगण्याच्या कंपनीत तिची शिकाऊ उमेदवारी ठरली आहे. २३ जूनपर्यंत उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका न पोचल्यास ती जागा जाईल. सोमवारी ती कागदपत्रे परत न्यायला कन्हानहून आली होती. वर्कशॉपच्या शेडकडे पाहून तिने एवढेच विचारले, "ते वायर बदलवून घेतली ना सर? नाही तर रस्त्यात अटकून जाईन कोणी." अर्जदार "हो" म्हणाला. त्याच्या पुढे आणखी एक वाक्य बोलायचे होते. ते न बोलता अर्जदार तिच्या फाइलला दोरी बांधत बसला.

६) सबब विनंती की, तिला पूर्ण गुण द्यावेत. शून्य एकदा दिल्यावर खोडता येत नसेल, तर ते अर्जदाराच्या सेवापुस्तकात नोंदवावे. फेरपरीक्षा मात्र घेऊ नये. ज्याचे उत्तर तिने दिले आहे, तेच पुन्हा विचारायला अर्जदाराला तोंड नाही.

आपला नम्र व दोषी,
(सही)
के. मा. डाखोळे
नागपूर, दि. १९ जून २०२५

सोबत : १) पाकीट, चुकीच्या उत्तरासह. २) कु. भावनाची उत्तरपत्रिका. ३) गाडीची चावी.

प्रत माहितीसाठी : कु. भावना धम्मानंद मेश्राम, कन्हान.
भावना, तुझं उत्तर बरोबर होतं. मला तेव्हाच माहीत होतं.