पट्टीवरचा शेक

९ डिसें. २००६
नांदेडहून आलो. ह्यांचा कॅन्सर मणक्यात उतरलाय. डॉ. बाईंनी पाठीवर, खांद्याखाली दुखणं दाबणाऱ्या औषधाची पट्टी चिकटवली, तीन दिवसांनी बदलायची. मधेच कळ उठली तर मॉर्फिनची एक गोळी, लगेच लागू पडणारी. बाई बरंच सांगत होत्या, माझं निम्मं ध्यान एस्टीच्या टायमाकडं. गोळी अफूची, एवढं मात्र बराबर ऐकलं.

१४ डिसें.
सकाळी कळ. हे ओठ चावून बसले. गोळी हातात घेतली, परत डब्यात टाकली. सवय लागली तर? अंगणवाडीत दुसऱ्यांच्या लेकरांच्या औषधावर भाषण देते, घरात भित्री भागुबाई. तव्यावर मीठ तापवलं, पुरचुंडी बांधली, पाठ शेकली. पट्टीवरनंच. थोड्या वेळानं हे चक्क घोरायला लागले.

१७ डिसें.
रोज दोनदा शेक. गोळ्या तशाच. "तुझ्या हाताला गुण हाय," म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिलं कौतुक, फुगलेच मी. पेंग फार येऊन राहिली त्यांना. येऊ दे म्हटलं, किती दिवसांची झोप राहिलीय.

१९ डिसें.
दुपारी शेक दिला. चहा घेऊन आले, हाक मारली, हूं न्हाई की चूं न्हाई. ओठ निळे. एक श्वास, मग कितीतरी वेळ काहीच न्हाई. धाकटे दीर, भाऊजी, त्यांनी जीप आणली. सेनगावच्या दवाखान्यात पट्टी काढली, इंजेक्शन दिलं, हिंगोलीला पाठवलं. तिथल्या डॉ.नी विचारलं, "पट्टीला गरम काय लागलं? उष्णतेनं औषध एकदम अंगात उतरतं." भाऊजी माझ्याकडं बघून राहिले.
उन्हात बसले होते, म्हणाले मी. निघून गेलं तोंडातून.

२४ डिसें.
घरी. नवी पट्टी, कमी ताकदीची. भाऊजींनी बाज ओट्यावरून आतल्या खोलीत नेली. ऊन बंद. सकाळचं ऊन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा रामराम, तेवढंच तर सुख होतं ह्यांना.
"काहून कोंडलं मला? उन्हानं मरतंय व्हय कोणी?"
भाऊजी म्हणतात, डॉक्टरनं सांगितलंय. डॉक्टरनं कुठलं, मी सांगितलंय.

२७ डिसें.
नांदेडच्या बाईंना फोन. त्यांना खरं सांगितलं. रागावल्या न्हाईत, तेच जास्त लागलं. "गोळीला भिऊ नका. सांगितली तेवढीच द्या, झोप नि श्वास बघा. शेक नको. पाठ झाकून थोडा वेळ उन्हात बसू द्या."
बसू द्या. पण भाऊजींना काय सांगू? सगळंच सांगावं लागंल. चोर तो चोर नि वर शिरजोर झालेय मी.

३० डिसें.
कळ उठली. गोळी दिली, घड्याळ घेऊन श्वास मोजत बसले. कळ उतरली हळूहळू. मग हे म्हणाले, "शेक काहून देत न्हाईस आता? कंटाळलीस व्हय मला?"
"न्हाई हो."
"मग?"
मला रडूच आलं. त्यांना वाटलं, त्यांच्या बोलण्यानं. "राहू दे," म्हणाले, उलट माझीच समजूत काढली.
पाठीवर घोंगडी टाकली नि बाज दाराकडं ओढली. पायांवर ऊन आलं. बोटं हलवून बघत होते.
भाऊजी शेतातनं येतीलच. बाज कोणी हलवली, विचारतील.