आहुप्याचा ओंडका आणि आमचं लॉन

१४ एप्रिल २००३
साखर कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं. मी सीझनल इलेक्ट्रिशियन, म्हणजे आता दिवाळीपर्यंत मोकळा. यंदा मागच्या अंगणाचं गार्डन करायचंच. लॉन, कारंजं, रॉक गार्डन. सगळं स्वतःच्या हातानं, गडी लावायचा नाही. टीव्हीवर एका गोऱ्या माणसानं अर्ध्या तासात केलं, मला जवळजवळ महिना आहे. ११ मेला आमच्या लेकीचा, प्राचीचा साखरपुडा, तो त्याच अंगणात. पिंपरी पेंढारच्या पाहुण्यांना कळू दे, मुलगी कुठल्या घरातली आहे.
आईला लॉन म्हणजे काय ते समजावलं. ती म्हणाली, "गवतच व्हय? मंग आजवर उपटायला कशाला लावत व्हतास?" जुनी पिढी.

१८ एप्रिल
आईचा घेवड्याचा मांडव काढला. लॉन अंथरलं. हाताला फोड. बायकोनं, रत्नानं विचारलं, आता भाजी कुठून आणायची. हिला व्हिजन नाही. आईचं बाजलं मात्र जागेवर ठेवलंय. संध्याकाळी ती तिथं बसते. प्लॅनमध्ये त्याला 'सीटिंग एरिया' म्हटलंय.

२२ एप्रिल
आमच्या खात्यातल्या सावळेरामच्या पुतण्याच्या लग्नाला आहुप्याला गेलो. त्यानं देवराई दाखवली. भर दुपारी आत अंधार, आणि पाखराचाही आवाज नाही. एक पडका ओंडका दिसला. त्यावर शेवाळ, फर्न, सगळं आयतं. रॉक गार्डनचा सेंटर पीसच.
सावळेराम म्हणाला, "भाऊ, इथलं वाळकं पान बी न्यायचं नाय. देवाचं हाय." मी त्याला म्हटलं, या श्रद्धेमुळेच पर्यावरण टिकलंय, मला फार आदर आहे. तो पंगतीला वाढायला गेला. ओंडका पोत्यात घालून जीपच्या सीटखाली सरकवला. सडकं लाकूड, कुणाच्या उपयोगाचं? येताना घाटात जीप दोनदा बंद पडली. जुनं मॉडेल.

२३ एप्रिल
ओंडका बसवला. अप्रतिम. आईनं बराच वेळ बघून विचारलं, कुठून आणला. म्हटलं, नारायणगावच्या नर्सरीतून. नर्सरीचं नाव विचारलं. घाईत 'ग्रीनलँड' सांगितलं.

२५ एप्रिल
ओंडक्यातून टकटक येते. भुंगा. फिनेल ओतलं. टकटक जरा जोरात झाली, म्हणजे भुंगा मरायला टेकलाय.
आमचा टायगर कुंपणाबाहेर बसून ओंडक्याकडे बघतो. भुंकत नाही. एरवी स्वतःच्या सावलीवर भुंकतो. आत बोलावलं तर शेपूट पायात घालून पळाला. लॉन खराब होऊ नये एवढी समज कुत्र्याला आहे, घरच्यांना नाही.

२८ एप्रिल
लॉन पिवळं पडलं. ओंडक्याभोवती गोल, परातीएवढं. ऊन फार आहे. बाकीकडे तेच ऊन आहे, पण तिथं जास्त असणार.
आईनं बाजलं आत घेतलं. घेवड्याचा राग अजून गेला नाही वाटतं.

२ मे
रत्ना म्हणाली, दुपारी बाराला मी ओंडक्यावर पाठ करून बसलो होतो, हाक मारली तरी वळलो नाही. बाराला मी मंचरला पाईप घेत होतो. तिला सांगितलं, उन्हात डोळे दिपतात. तिनं विचारलं, दिपलेल्या डोळ्यांना अंगावरची घोंगडी कशी दिसेल.
संकल्प: यापुढे ओंडक्याकडे पाठ करून काम करायचं नाही. कारण पाठीला ऊन लागतं.

५ मे
कारंजं बसवलं. मोटर जोडली आणि लोडशेडिंग सुरू झालं. हात धुवायला वळलो तर कारंजं चालू. गावात कुठंही लाईट नाही आणि पाणी माझ्या डोक्याइतकं उडतंय. बॅक करंट असेल. मी वीस वर्षं या लाइनीत आहे. असा बॅक करंट नसतो, पण असू शकतो.
वायर काढून ठेवल्या. त्यानंतर ते आपोआप थांबलं. लगेच नाही.

६ मे
पाहुणे जागा बघायला येऊन गेले. जावई आदेश शांत मुलगा आहे. विहीणबाई लंकाबाईंना फर्न फार आवडला. म्हणाल्या, "असलं हिरवंगार आमच्याकडं न्हाई बघा." नर्सरीतला आहे म्हटलं आणि लगेच एक गड्डा काढून डालड्याच्या डब्यात लावून दिला. रत्ना माझ्याकडे बघत राहिली. कौतुक वाटलं असणार. गार्डनचं पहिलं यश.

८ मे
प्राची म्हणाली, ती त्या अंगणात उभी राहणार नाही. साखरपुडा देवळात करा, नाहीतर करू नका. आणि रडली. मला फार वाईट वाटलं. हे सगळं मी कुणासाठी केलं?
आई आज नीट जेवली पण नाही. हात धुताना म्हणाली, "दादा, ती नर्सरी कुठंय ते सांग. मी येते तुज्यासंगं, माफी मागाया."
विचार करता ओंडका रंगसंगतीत बसत नाही असं लक्षात आलं. परत करावा.

९ मे
घोडेगावहून आहुप्याची एस.टी. ओंडका मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, आहुप्याला लाकूड कशाला नेताय, तिथं कमी आहे का? सगळी एस.टी. हसली. मागच्या सीटवरची एक म्हातारी तेवढी हसली नाही. ती उठून पुढं जाऊन बसली.
सावळेराम स्टँडवर उभा होता. मी येणार हे कळवलं नव्हतं. त्यानं पोत्याला एका बाजूनं हात लावला. देवराईत ओंडक्याची जागा जशीच्या तशी होती. एक पान पडलेलं नाही. समोर नारळ ठेवलेला. सावळेराम म्हणाला, "जागा झाडून ठिवलीया. नेणारा आणतोच परत. टाइम लागतो, यवढंच."
नारळ मी फोडला. पर्यटकानं स्थानिक रीत पाळावी.

११ मे
लॉन उपटून अंगण शेणानं सारवलं होतं. साखरपुडा छान झाला. प्राची हसत होती. टायगर मांडवात पायात पायात करत होता. आई बाजल्यावर बसून सगळ्यांना पेढे देत होती. मला फार बरं वाटलं. साधं अंगणच बरं, हे मी आधीपासून म्हणत होतो.

१३ मे
लंकाबाईंचा फोन. सहज केला म्हणाल्या. घरी सगळं ठीक, फक्त त्यांचं कुत्रं दोन दिवस दारात येत नाही. डालड्याच्या डब्यात बारीक टकटक येते. आणि काल दुपारी ओट्यावर कुणीतरी पाठ करून बसलं होतं. त्यांना वाटलं, आदेशच.
मग विचारलं, "दादाभाऊ, ती नर्सरी कंची म्हनालात?"
ग्रीनलँड म्हणायला तोंड उघडलं. मागं आई, रत्ना आणि प्राची ओळीनं उभ्या होत्या. म्हटलं, "डबा कुणालाच देऊ नका. मी सकाळच्या एस.टी.नं येतो."