बिनविस्तवाचा चहा

दि. ४ मार्च

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही ऐकत नाही, म्हणून पत्र. खालच्या शिवणवालीने तुमची खुशाली कळवली. जळक्या पातेल्याचीही कळवली. तिच्यावर डाफरू नका. धूर तिच्या खिडकीत शिरला, ती तरी काय करणार?

तुमच्या चिरंजीवांनी महिना संपला की तुम्हाला कायमचं इकडे आणायचं ठरवलं आहे. आईच्या हाताशी आता गॅस नको, एवढंच धरून बसलेत. मी म्हटलं, निदान त्यांचं मत तरी घ्या. तर म्हणाले, घेतलं तर ती देईल.

सोबत आमच्या दुकानातला पांढरा चहा पाठवते. ही पानं कुटत नाहीत, भाजत नाहीत, नुसती सुकवतात. दूध घालायचं नाही, साखरही नको. तुमच्या सवयीप्रमाणे आधी पातेल्यात उकळूनच करा, पण आच मंद ठेवा. कसा लागला ते खरं कळवा.

आहे ती माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची सून


दि. ९ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

पुडी पोचली. उघडली तर वाटलं उशी उसवली की काय, अशी पांढरी लव. सांगितलंस तसा उकळला. शिवणवालीने रंग बघून विचारलं, हे भांडं विसळलेलं पाणी का? चव वाईट नाही, पण याला चहा म्हणायला जीभ रेटत नाही.

पातेल्याचं म्हणशील तर एकदा लक्ष नव्हतं. कोणाचं जळत नाही? तुमच्या दोन खोल्यांत येऊन मी काय करू? तुम्ही दोघं सकाळी कामाला जाणार आणि मी दिवसभर भिंती मोजणार. इथे खाली मशीन चालतं, जाता येता कोणीतरी हाक मारतं. जेवणाचा डबा येतो. गॅस पेटवते तो चहापुरता. तेवढ्यासाठी माणूस घरातून उचलायचं म्हणजे उंदराला भिऊन घर जाळण्यातली गत. चिरंजीवाला माझं मत कळव. न मागता दिलं आहे.

मी आहे तशी ठीक. पत्र लिहीत जावं, मला वाट बघायला काहीतरी होतं.

आई


दि. १४ मार्च

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

मत पोचवलं. चिरंजीव म्हणाले, मी विजेची किटली दिली आहे, ती का वापरत नाही? त्या किटलीत तुम्ही दूध उकळून तिला कायमचं गप्प केलंत, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. हे उपकार लक्षात असू द्या.

उकळून या चहाचा जीव जातो, हे मीच आधी सांगायला हवं होतं. आता असं करा. पाणी उकळलं की गॅस बंद. वाफेचा जोर ओसरू द्या, मग कपात पानांवर ओता, वर झाकण ठेवा आणि थोडं थांबा. तीच पानं पुन्हा दोनदा चालतात. ते जमलं की दुसरा प्रकार: शिवणवाली सकाळी तुमचा थर्मास भरून देईल, मी तिच्याशी बोलले आहे. दुपारपर्यंत त्यातलं पाणी या चहाला हवं तेवढंच गरम उरतं. काचेच्या ग्लासात पानं टाकून वरून ओतायचं, गाळायचंही नाही.

चिरंजीवांनी गाडीची तिकिटं काढली आहेत. मी जपून बोलते आहे, तुम्हीही जपून राहा.

रागावलात तरी पत्रातूनच रागवावं, अबोला नको.

तुमची सून


दि. १९ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

दोन्ही करून पाहिले. झाकणाच्या कपातल्याला काकडी चिरल्यासारखा वास येतो. थर्मासच्या पाण्याचा मला जास्त आवडला, हे चिरंजीवाला सांगू नकोस. ग्लासात पानं आधी तरंगतात, मग एकेक उभं राहतं आणि सावकाश खाली बसतं. बघत बसले. या वयात माणसाला एवढी करमणूक पुरते.

तुझे सासरे होते तेव्हा संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की मी आधण ठेवायची. दिवसभर लिफ्टांच्या यंत्रांत हात घालून यायचे, ते आधी नळाखाली हात घासायचे. नळ बंद झाला की चहा गाळायचा, असा आमचा हिशेब. तुझ्या झाकणाच्या कपाला तेवढाच वेळ लागतो. तिकिटं परत करता येतात का, ते बघून ठेव.

मी मजेत. तुम्ही दोघांनी एकमेकांशी भांडू नये, निदान माझ्यावरून तरी.

आई


दि. २३ मार्च

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

आता शेवटचा प्रकार. रात्री झोपताना चिमूटभर जास्त पानं गार पाण्यात घालून बरणी फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी गाळून प्यायचा. कडवटपणा मुळीच येत नाही, उलट गोडसर लागतो. आमच्याकडे जाणती गिऱ्हाइकं असाच पितात. चार दिवस सलग करून बघा, पहिल्या दिवशी नाक मुरडाल. लवकर कळवा, कारण महिना संपत आला.

माझ्यावर भरवसा ठेवावा, ही विनंती.

तुमची सून


दि. २८ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

आधी उकळलेला, मग निववलेला, मग थर्मासचा आणि आता फ्रिजमधला. दर पत्राला माझी आच कमी करत आणलीस. मला काय दूधखुळी समजलीस? पहिल्या दिवशी राग आला आणि बरणीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी प्यायले. आईला गॅस लागतच नाही, असं नवऱ्याला सांगता यावं म्हणून तू हे मांडलंस, हे कळल्यावर राग कुठे ठेवावा ते कळेना.

तू एवढं केलंस, तर पातेल्याचं खरं तुला सांगते. त्या संध्याकाळी फाटकाची कडी वाजली. शिवणवालीचं गिऱ्हाईक असणार. मी उठले, दोन कप आधण ठेवलं, साखर घातली आणि खुर्चीत बसून नळाचा आवाज ऐकत राहिले. नळ वाजेना. म्हटलं, दारात बूट काढत असतील. मग धूर आला. चहा मी विसरले नव्हते. हे गेले, ते मी विसरले होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आणि त्या संध्याकाळी धूर येईपर्यंत मला ते ठाऊकच नव्हतं. मला फार भीती वाटली.

काल गॅसवाल्याला बोलावून सिलिंडर परत दिलं. शेगडी शिवणवालीने नेली. आता कडी वाजली तरी ठेवायला आधणच नाही. घर मात्र सोडत नाही.

हे पत्र तुझ्यापाशीच ठेव. मला वेडी समजू नये.

आई


दि. १ एप्रिल

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

गॅस दिलात हे ऐकून चिरंजीव उठले आणि तिकिटं परत करून आले. दुसरी गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही. ती सांगायची कशी, ते आपण दोघी बसून ठरवू. दुकानातून आठवड्याची रजा मिळाली आहे. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने निघते, रविवारी सकाळी पोचेन.

आले की आधी नळाखाली हात धुईन. शनिवारी रात्री पानं दोघींपुरती भिजत घाला.

तुमची सून