बाईंचा सुळा आणि पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे येत्या रविवारी पहिल्या रांगेत बसणाऱ्या इसमाचा, साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजींना खालच्या मजल्यावरून तुला हाका मारायची सवय आहे, ती त्यांनी सोडली असेल अशी आशा करतो (सोडली नसेल तर ओ देऊ नकोस, आपोआप वर येतील). इकडे सगळं खुशाल. तुझी भावजयही बरी आहे, फक्त मंगळवारपासून माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण ओघात येईलच.

आमच्या मंडळाची तुला थोडीफार कल्पना आहे. ज्या गायिकेला आम्ही नुसतं ‘बाई’ म्हणतो (नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही), त्यांचे आम्ही चौदा भक्त दर रविवारी सकाळी घड्याळवाल्याच्या दुकानावरच्या माळ्यावर जमतो, जुन्या तबकड्या ऐकतो आणि उरलेल्या वेळात भांडतो. आमचे अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर आहेत. नऊ वर्षांपूर्वी ते एकदा बाईंना रंगमंचामागे भेटले, आणि बाईंनी म्हणे त्यांना स्वतः सांगितलं की गळ्यासाठी त्या फक्त उकडलेलं खातात आणि कोमट पाणी पितात. झालं. त्या दिवसापासून सगळ्या मंडळाला उकडलेलं. आमच्यापैकी एकालाही गाता येत नाही, पण गळे चौदाच्या चौदा जपलेले. माझ्या घरात नऊ वर्षं मिरची शिरलेली नाही. तू यायचीस तेव्हा दुधी उकडलेला, बटाटा उकडलेला आणि तिसरं काहीतरी असायचं, ते काय होतं हे तुझ्या भावजयीलाही सांगता आलं नसतं.

आता मुद्द्याचं. सभागृहवाले बाईंच्या प्रत्येक कार्यक्रमाला मंडळासाठी पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या राखून ठेवतात. एक अध्यक्षांची, दुसरी ज्याची आहारशिस्त उत्तम त्याची. पाच वर्षांपूर्वी मध्यंतरात अध्यक्षांनी मला आइस्क्रीमचा कोन खाताना पकडलं (माझाच होता, तुझ्याशी खोटं कशाला बोलू), तेव्हापासून माझी रवानगी चौदाव्या रांगेत, खांबामागे. पाच वर्षं मी बाईंचा फक्त डावा कोपर पाहिला आहे. आणि रविवारचा कार्यक्रम हा बाईंचा शेवटचा, त्यानंतर त्या जाहीर गाणार नाहीत. तीस वर्षं ज्यांच्या गाण्यावर जगलो त्यांना निरोप द्यायचा तोही खांबाला, या विचाराने माझा जीव अर्धा झाला होता.

अशात गेल्या गुरुवारी आमच्या ग्रंथपाल मॅडमनी मंडळाच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. माझ्या दुकानासमोर एक नवं हॉटेल झालंय, तिथे ‘धाडसी पाहुण्यांसाठी’ म्हणून सात ताटल्यांचं एक जेवण मिळतं. हॉटेलवाल्यांनी ते जेवणाऱ्या पाहुण्यांचे फोटो इंटरनेटवर लावलेत. त्यातल्या एका फोटोत एक बाई खिडकीशी बसलेल्या, डोक्यावर भली मोठी हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा. दिसते ती फक्त हनुवटी, उघडं तोंड आणि त्या तोंडात निघालेला ऑक्टोपसचा पाय. खाली कुणीतरी लिहिलेलं, या त्याच प्रसिद्ध गायिका ना?

ताई, ग्रुपवर दुपारपर्यंत दोनशे बारा संदेश. घड्याळवाल्याचं म्हणणं, ते उकडलेलं वांगं आहे, उजेडामुळे तसं दिसतंय. ग्रंथपाल मॅडमचं म्हणणं, ऑक्टोपस तरी काय, उकडलेला असेल तर नियमात बसतो. कुणी विचारलं, आठ पाय म्हणजे आठ सूर मानायचे का (या माणसाला आम्ही दर वर्षी काढायचं ठरवतो आणि राहून जातं). अध्यक्षांनी मात्र एकाच ओळीत निकाल दिला: या बाई नव्हेतच, विषय बंद.

विषय बंद म्हटलं की मला तो उघडावासा वाटतो हे तू लहानपणापासून बघत आलीस. मी फोटो मोठा केला. अठ्ठावीस वर्षं मी दातांच्या टोप्या आणि कवळ्या बनवतोय. माणसांचे चेहरे मी विसरतो, दात विसरत नाही. आमच्या बाईंचा वरचा डावा सुळा किंचित आत वळलेला आहे. एकोणीस तबकड्यांच्या वेष्टनांवर मी तो भिंगाखाली पाहिलाय, आणि त्यावर चार वर्षांपूर्वी मंडळात एक निबंधही वाचला होता (तेव्हा सात जण झोपले होते). फोटोत ऑक्टोपसचा पाय धरून ठेवणारा सुळा अगदी तसाच आत वळलेला.

रविवारी मी माळ्यावर एकोणीस वेष्टनं, भिंग आणि प्लॅस्टरचा एक जबडा घेऊन गेलो. पाऊण तास बोललो. एकही जण झोपला नाही. शेवटी ग्रंथपाल मॅडम भिंगातून बघून म्हणाल्या, सुळा तर बाईंचाच. अध्यक्षांचा चेहरा पडला, पण पोस्टात उभा जन्म गेलेला माणूस, पोच मिळाल्याशिवाय काही मानायचा नाही. म्हणाले, बाई तिथे बसल्या असतील, पाय तोंडाजवळ नेला असेल, खाल्ला कशावरून? खाल्ल्याचं सिद्ध करा, माझ्या खुर्चीसकट दोन्ही तुमच्या. मी ते वाक्य तिथल्या तिथे इतिवृत्तात लिहून घेतलं आणि चौघांच्या सह्या घेतल्या.

म्हणून मंगळवारी दुपारी मी, अध्यक्ष, घड्याळवाला आणि ग्रंथपाल मॅडम त्या हॉटेलात. नुसतं विचारायला गेलो तर वेटर बघेना, म्हणून चौघांसाठी तेच जेवण मागवलं. मग त्याला कंठ फुटला. हॅटवाल्या बाई त्याला पक्क्या आठवत होत्या. सातही ताटल्या पुसून खाल्ल्या आणि चौथी पुन्हा मागवली, असं तो म्हणाला. अध्यक्षांना अजूनही पटेना. त्यांचं म्हणणं, असलं काही माणसाला गिळताच येणार नाही, मग दोनदा मागवणं तर सोडाच. मी म्हटलं, गिळून बघा.

पहिली ताटली म्हणजे समुद्री शेवाळाची थरथरती वडी. मी डोळे मिटून आत ढकलली. दुसऱ्या ताटलीत लिंबू घातलेल्या सायीवर मुंग्या होत्या (मेलेल्या होत्या, मी चमच्याने खात्री केली). घड्याळवाल्याने त्या सवयीने आधी मोजल्या आणि मग पाणी मागितलं. तिसरी धुरावलेली वाम मासळी, तिखटजाळ. अध्यक्षांनी इतका वेळ कशाला हात लावला नव्हता, पण तो वास त्यांच्या नाकात गेला आणि पोस्टमास्तर डगमगले. एक घास घेतला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिखटाने असेल असं आम्ही सभ्यपणे मानलं. चौथा आला ऑक्टोपस. ताई, नऊ वर्षं उकडलेला दुधी खाल्लेल्या त्या माणसाने तो पाय असा काही चावला की शेजारच्या टेबलावरची मंडळी खुर्च्या वळवून बसली. संपल्यावर त्यांनी वेटरला हाक मारली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ही चौथी पुन्हा आणा.

मी इतिवृत्ताची वही पुढे सरकवली, त्यांनी तेलकट बोटांनी सही केली. दोन्ही खुर्च्या माझ्या. त्याच बैठकीत उकडलेल्याचा नियमही रद्द झाला, सूचक अध्यक्ष, अनुमोदक अध्यक्ष. बाहेर पडताना ते मला म्हणाले, तुमचे उपकार झाले. ताई, आयुष्यात एवढा मोठा मी कधीच झालो नव्हतो. घरी येऊन ही बातमी छाती फुगवून तुझ्या भावजयीला सांगितली. तिने सगळं शांतपणे ऐकलं, विचारलं, म्हणजे नऊ वर्षं उगाच? आणि तेव्हापासून अबोला. काल मात्र तिने मिरच्या तळल्या. ठसक्याने सगळा जिना खोकत होता आणि ती एकटी गाणं गुणगुणत होती.

भाऊजींना नमस्कार. कळावे, लोभ असू दे.

तुझा,
विजयी भाऊ

ता. क. भाऊजी मला ‘खांबेश्वर’ म्हणतात ते मला माहीत आहे. त्यांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. पुढचा ता. क. मात्र मुळीच दाखवू नकोस.

ता. क. २. पत्र पाकिटात घालण्याआधी आज सकाळी तो फोटो चौकटीत लावायला मोठा छापून आणला. सुळ्याच्या वर, हिरडीपाशी, केसाएवढी करडी रेघ आहे. खऱ्या दाताला अशी रेघ नसते. ती टोपीला असते, आणि ही कुणाच्या कानशीने घासलेली टोपी आहे हे मला सांगायला भिंग लागत नाही. अकरा वर्षांपूर्वी तुझा सुळा तुटला तेव्हा टोपी मीच बसवली होती. तू आरशात बघून म्हणाली होतीस, जरा आत वळलाय का रे? मी म्हटलं होतं, जबड्याची ठेवणच तशी आहे. ते खोटं होतं. बाईंसारखा एक तरी सुळा आपल्या घरात असावा असं मला तेव्हा फार वाटलं होतं.

तर तू या गावात येऊन, माझ्या दुकानासमोर बसून, सात अधिक एक ताटल्या जेवून, आमच्याकडे न फिरकता परत गेलीस. त्याबद्दल मी एक अक्षर विचारणार नाही. आमच्याकडचं जेवण माहीत असताना मीही तेच केलं असतं. खिडकीतून हात तरी हलवायचास, एवढंच वाटलं.

मंडळात मी काही बोलणार नाहीये. बोललो तर चौदा घरांत पुन्हा दुधी शिजेल, आणि अध्यक्षांना ते आता सोसायचं नाही. विनंती ही की तूही बोलू नकोस. दुसरी खुर्ची रिकामी आहे, तुझ्या भावजयीने चिठ्ठी लिहून कळवलंय की तिला बाई पुरेशा झाल्या. तू ये. बाईंना शेवटचं ऐकायचं तर शेजारी तूच असावीस असं मला वाटतं. हॅट घरी ठेव, आणि बाई कितीही सुंदर गायल्या तरी तोंड मिटून बस. सोमवारी सकाळी दुकानात ये, दात सरळ करून देतो.