ध्यानात आईचा फोन

शनिवार संध्याकाळ, मुंबई

आठवडा झाला, या कॉलेजातल्या बौद्ध शिबिरात माझ्याशी कुणी धड बोललेलं नाही. आज सकाळी आम्ही सगळे गेटवे बघून आलो आणि लगेच ध्यानाला बसवलं. डोळे मिटताच मला झोप लागली. तेवढ्यात फोन! घाईत स्पीकर चालू झाला आणि गावाहून, कापड्याहून, आईचा आवाज सभागृहभर घुमला, "गो, जेवलीस का नाय?"

मी कुजबुजले, "आई, ध्यान चाललंय."

"उपाशीपोटी कसला ध्यान गो?"

सगळे हसले. भंतेजींनी डोळे उघडले. आता मला बाहेर काढणार, नक्की!

ते म्हणाले, "आईंचं बरोबर आहे. चला, आधी जेवून घेऊ."

जेवणाच्या रांगेत पोरींनी मलाच पुढे केलं. सगळ्यांनी आईचं नाव विचारलं. माझं अजूनही कुणाला माहीत नाही.