उजव्या अंगाची पट्टी

सोमवार, ३ तारीख

देवाच्या कृपेने पोहोचलो. वाटेत बरणी एकच फुटली आणि भांडण एकही झाले नाही, म्हणजे प्रवास चांगलाच म्हणायचा. घर दुमजली आहे. खाली घरमालकीण राहते, वरच्या दोन खोल्या आमच्या. खिडकीतून बंदराचा धक्का दिसतो आणि त्यापलीकडे नुसते पाणी. हिने खोलीत पाऊल टाकताच आधी पडदा ओढला. लहानपणी विहिरीत पडल्यापासून पाणी दिसले की ही दोन पावले मागे सरते. इथे यायला ही तयार झाली ती एकाच अटीवर, की हिला कधी होडीत बसायला सांगायचे नाही. मी कबूल केले. पन्नाशीला टेकलो, मूलबाळ नाही, आम्हाला आम्हीच. बायकोची एवढी अट पाळणे काही जड नाही.

उद्या लाकडाच्या वखारीत मापारी म्हणून रुजू होतो. कोनाड्यात देव मांडले, दिवा लावला. घरमालकिणीला नमस्कार केला, तर तिने एवढेच विचारले की किती दिवस टिकणार.

शुक्रवार, ७

गाव तोंडाने फटकळ आणि मनाने त्याहून. वाणी आमच्या मागून आलेल्यांनाही आधी माल देतो. वखारीत मला नावाने कोणी हाक मारत नाही, 'पाहुणे' म्हणतात, आणि तेही असे, की पाहुण्याने उठून जावे. नळावर घरमालकीण हिला चारचौघींत म्हणाली, की पाण्याला भिणारी बाई बंदरात काय मरायला आली? ही घरी येऊन हसत सांगत होती, पण हातातला तांब्या खाली ठेवायला विसरली.

धड बोलतो तो वखारीचा म्हातारा पहारेकरी. तोही बाहेरचाच, म्हणून असेल.

संध्याकाळी जायला दारच नाही, तेव्हा हाताला काहीतरी चाळा हवा. मी टेबलावर मावेल एवढी शिडाची होडी करायची ठरवली. तयार तुकडे जोडून नाही; कणा, बरगड्या, फळ्या, सगळे स्वतः तासून. गावच्या शाळेत सुतारकामाचा तास असे. गुरुजी म्हणत, लाकडाला आधी विचारावे, मग कापावे. ही म्हणाली, की पोहता येत नाही, वल्हवता येत नाही, आणि निघाले गलबत बांधायला! पण करा, म्हणाली. घरात तुमची कटकट तरी कमी होईल.

बुधवार, १२

लाकूड मिळाले, आणि काय लाकूड! पोटमाळ्यावर एक सुटी फळी होती, काळसर, दाट रेषांची, पोलादासारखी. तिच्या जागी वखारीतली नवी ठेवली. घरमालकीण गुडघ्यांमुळे वर चढत नाही, तिला काय कळणार! नेमकी तशीच फळी पहारेकऱ्याच्या बाकाला होती. बाक मोडला होता, त्याने हसत काढून दिली. तिसरी समोरच्या तरुण शिंप्याच्या दुकानातली. बाप वारल्यावर त्याने दुकान नुकतेच हाती घेतले आहे. बाप त्या फळीला हात लावू द्यायचा नाही, म्हणाला, म्हाताऱ्यांची काहीतरी खुळं. न्या खुशाल.

तिन्ही एकाच झाडाच्या असाव्यात. कापलेल्या कडा एकमेकींना लावून पाहिल्या, तर रेषेला रेष जुळली.

रविवार, २३

कणा बसला, बरगड्या उभ्या राहिल्या. आता पट्ट्या. गरम पाण्यात भिजवायच्या, बोटांनी वळवायच्या, आणि एक डावीकडे लावली की एक उजवीकडे. एकाच बाजूने लावत गेले तर कणा पिळतो. डाव्या अंगाला खाली पहारेकऱ्याचे लाकूड, वर पोटमाळ्याचे. उजव्या अंगाला शिंप्याचे. बसायला आत चार आडव्या फळकुट्या.

जोडताना लाकूड हाताला जवळ ओढते असे वाटते. सरस वाळायची वाट पाहावी लागत नाही.

शनिवार, ५

उजव्या अंगाची सगळ्यात वरची एक पट्टी कमी पडली. दुसरे कुठलेही लाकूड त्या रंगाशेजारी डोळ्यांत खुपत होते. ही बघत होती. उठली आणि आपल्या शिवणाच्या पेटीचे झाकण काढून दिले. पेटी माहेरची. आईच्या हातची वेलबुट्टी कोरलेली. मी नको म्हणालो. तर म्हणाली, एकदाचे संपवा, मला माझा नवरा परत हवा आहे.

पट्टी बसली, रंगही जुळला. वेलबुट्टीची एक ओळ बाहेरून दिसते. होडीला एवढाच काय तो दागिना.

रविवार, ६

धुण्याच्या टबात पाणी भरून सोडली. तळाशी शिशाचे तुकडे घातले होते. काट्यावर तोलल्यासारखी सरळ उभी राहिली. पाणी लागले तिथे पेन्सिलीने रेघ मारली आणि तशीच तरंगत ठेवली. ही दारात उभी राहून पाहत होती. टबातल्या पाण्याच्याही जवळ आली नाही, पण टाळ्या वाजवल्या. फार दिवसांनी घरात आनंद होता. देवापुढे साखर ठेवली.

मंगळवार, ८

पहारेकरी गेला. धक्क्याच्या पायऱ्यांवर बसलेला सापडला, घोट्याएवढ्या पाण्यात. बुडून मेला म्हणतात. घोट्याएवढ्या पाण्यात!

वखारीत माझ्याकडे कोणी पाहीना. घरी आलो तर होडी डावीकडे कललेली. रेघ त्या बाजूला पाण्याखाली. शिसे सरकले असेल म्हणून उपसून पाहिले. जागच्या जागी होते.

गुरुवार, १०

शिंपी. बंद दुकानात, मशीनशी बसलेला, नखशिखांत भिजलेला. तोंडातून खारे पाणी वाहत होते. दुकानात प्यायचा माठसुद्धा कोरडा पडला होता.

होडी पुन्हा सरळ झाली आहे. पण खोल गेली. रेघ दोन्हीकडून बुडाली.

हिला अजून काही सांगितले नाही.

शुक्रवार, ११

घरमालकीण जिना चढून वर आली. गुडघे धरत, शिव्या देत. आमच्या पायगुणाने माणसे मरताहेत असे सांगायला आली होती. मग तिला टब दिसला. भिंतीला धरून खाली बसली. पोटमाळ्यावरची फळी कुठे आहे, विचारले. मी बोट दाखवले.

तिच्या लहानपणी एक नाव रिकामी परत आली होती. शीड वर, माणूस एक नाही. जो जो तिच्यात पुन्हा बसला, तो गेला. शेवटी गावाने तिच्या फळ्या फळ्या केल्या आणि घरोघरी वाटल्या, की दोन फळ्या कधी एका छपराखाली येऊ नयेत. ज्याच्या हातची फळी तिला लागते, त्याला ती बसायला बोलावते. पाण्यात राहून माशाशी वैर केलंस मेल्या, म्हणाली. मोड, आत्ताच्या आत्ता मोड.

मी म्हणालो, तुमची फळी मी न विचारता घेतली, तेव्हा ती माझ्या हातची. ती म्हणाली, चोराच्या हाताला हात कोण म्हणतं?

मग तिने वेलबुट्टीची पट्टी पाहिली. ही कोणाची, विचारले. आतून हिच्या बांगड्या वाजल्या. घरमालकिणीने त्या दिशेला एकदा पाहिले आणि कठडा धरून जिना उतरली.

शनिवार, १२

मोडत नाही. पटाशी निसटते. कुऱ्हाडीचा दांडा तुटला. चुलीत घातली तर ओल्या लाकडासारखी चरचरली आणि चूल विझली. दगड बांधून धक्क्यावरून टाकली. घरी आलो तर टबात.

माझी मापाची पट्टी हिच्या पट्टीवर ठोकायला गेलो, की हिच्याऐवजी मला घे. खिळा मेणासारखा वाकला. तिला मी नको आहे.

दुपारी खालून भांडे पडल्याचा आवाज आला. घरमालकीण खुर्चीत बसलेली, पदरातून पाणी ठिबकत होते.

होडी डावीकडे कलली.

रविवार, १३

दारासमोर माणसे जमली. कोणी वर येत नाही, होडीला हात लागेल म्हणून. मी हात जोडले, काही उपाय सांगा म्हटले. वाणी म्हणाला, उपाय कशाला? नाव भरली की आपोआप जाते. एकच जागा उरली आहे, आणि ती तुमच्या घरातली. मग आमचं काय अडलंय? बाकीचे हसले. कोणीतरी हिला उद्देशून ओरडले, की बाई, तिकिटाला पैसे पडत नाहीत!

हिला सगळे सांगितले. रडली नाही. झाकण मी माझ्या हाताने दिले, तुमचा दोष नाही, म्हणाली. मग लहान मुलीसारखे विचारले, की फार थंड असेल का पाणी?

उद्या पहिल्या बसने हिच्या भावाकडे पाठवतो. डोंगरापलीकडे. तिथे नदीसुद्धा नाही. मी इथे टबावर नजर ठेवतो. कोणीतरी ठेवलीच पाहिजे.

सोमवार, १४

बसवून आलो. हिने खिडकीतून हात केला. गावातल्या कोणी अडवले नाही. अडवले असते तर बरे वाटले असते.

टबासमोर आहे. डावीकडे कललेली. उजव्या अंगाची पट्टी वर, कोरडी. वेलबुट्टी दिसते. ती कोरडी तोवर ही आहे.

दिवा लावला. नाम घेतो आहे.

कोरडी. बस आता घाटात असेल—

कोरडी.

हलली. वारा नाही. खिडक्या बंद—

सरळ होते आहे. हळूहळू. पाण्याला भिणारे माणूस जपून एकेक पाय टाकते, तशी—

नको देवा

सरळ. काट्यावर तोलल्यासारखी.

जिन्यावर पावले. ओली. दाराशी थांबली.

अहो, म्हणते. हिचाच आवाज. अहो, बस चुकली माझी, दार उघडा.

मी स्वतः बसवले. हात केला होता—

अहो, फार थंड आहे.

खोटी असो की खरी. हिला बाहेर कुडकुडत कशी ठेवू. कडी काढतो—

दाराखालून पाणी येते आहे. टबात पाचवी फळकुटी. मी चारच केल्या होत्या. माझी मापाची पट्टी कुठे— ती आडवी, दोन्ही टोके नीट बसवलेली, हिच्या शेजारी—