सावली नाहीशी झाली तो दिवस

भोपाळ, २१ जून १९५७

ती. बाबांना कमलिनीचा नमस्कार.

नागपूरहून ह्यांची बदली झाली आणि आम्ही इथे आलो, तेव्हा थंडी होती. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार चुलीपर्यंत यायचे. आता खोलीत ऊन येतच नाही. तरी दर पत्रात 'मी सुखात आहे' असेच लिहिले, कारण हे माझे प्रत्येक पत्र वाचूनच पेटीत टाकतात.

आज भर दुपारी शेजारच्या शिक्षिका रझियाआपांची मुलगी अंगणात ओरडली, "मेरी परछाईं कहाँ गई?"

मी खिडकीतूनच सांगितले, की पृथ्वी कललेली राहूनच सूर्याभोवती फिरते, म्हणून सूर्याची वाट वर्षभर सरकत राहते. ती दक्षिणेला गेली की आपल्याकडे थंडी. आज ती उत्तरेच्या टोकाला, थेट डोक्यावर आहे, म्हणून सावली पायाखाली.

आपा म्हणाल्या, "बाहर आकर समझाइए ना."

सात महिन्यांत पहिल्यांदाच मी खरे बोलले, आपांना सांगितले: हे ऑफिसला जाताना रोज बाहेरून कुलूप लावतात.

आपा कुलूप तोडायला माणूस आणायला गेल्या आहेत. दार उघडल्यावर जाऊ कुठे? पाठवणीच्या वेळी तुम्हीच म्हणालात, "आता तेच तुझे घर." म्हणून हे पत्र तुम्हाला टाकत नाही. आपांकडे जाते.

तुमची,
कमलिनी